रिकाम्या खुर्चीचे फोटो

माझ्या वहिनीच्या स्टुडिओत येणारी माणसं दाढ दुखत असल्यासारखी जिना चढतात. वकील असो, दंतवैद्य असो की नोकरीच्या शोधातली पोरगी, पहिलं वाक्य ठरलेलं: "माझे फोटो चांगले येत नाहीत हं." मी दार उघडते, बूट काढायला लावते आणि मनात म्हणते, आला आणखी एक.

बूट काढायचे हा वहिनीचा नियम. फोटो छातीपर्यंतचाच असतो, पण अनवाणी माणसाला फार वेळ रुबाब करता येत नाही, असं तिचं म्हणणं. मग चहा, मग खिडकीजवळची खुर्ची. कॅमेरा स्टँडवर असतो. वहिनी त्याच्या बाजूला उभी राहते, लांब वायरचं बटण हातात धरून, आणि गप्पा मारते. घरी मांजर आहे का, सकाळी लवकर जाग येते का. मी तिच्या पाठीमागे संगणकापाशी, येणारे फोटो बघत. हळूहळू खांदे सैल पडतात, माणूस माणसात येतो. "झालंसुद्धा?" असं विचारत जातात. याचं श्रेय मी कायम चहाला देत आले, कारण चहा मी करते.

मागच्या आठवड्यात वहिनीची लेक, माझी भाची, शिकायला दूरदेशी निघाली. बॅग भरताना तिला आईचा एक फोटो हवा होता. सगळे अल्बम पालथे घातले. बाबा होते, ती स्वतः होती, मी तर ढीगभर होते. आई कुठेच नव्हती, कारण सगळे फोटो आईनेच काढलेले. पोरगी रडवेली झाली.

"अगं, फोनवर रोज दिसेनच की मी," वहिनी म्हणाली.

"तू फोन छताकडे धरतेस, आई. मला पंखा दिसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला निघायचं होतं. मी दोघींना स्टुडिओत नेलं आणि वहिनीला हाताला धरून खुर्चीत बसवलं. चपला काढायला लावल्या, चहा दिला, बटण माझ्या हातात घेतलं. बाई अशी बसली की जणू शिक्षा ऐकायला आलीय. त्यात मी बटण दाबायला जावं आणि हिने उठून कॅमेऱ्यापाशी यावं. "वन्सं, डावीकडे अंधार पडतोय." पडदा सरकवायचा, बसायचं, पुन्हा उठायचं. संगणकावर पाहिलं तर ओळीने रिकाम्या खुर्चीचे फोटो. उजेड मात्र लाजवाब.

माझं डोकं फिरलं. "खुर्चीच पाठव लेकीबरोबर."

वहिनी हसली नाही. "मला नाही जमत, वन्सं. कुणी माझ्याकडे बघायला लागलं की चेहऱ्याचं काय करायचं तेच सुचत नाही." एवढ्या लोकांना धीर देणारी ही, आणि तिचा स्वतःचा चहा तसाच गार झाला होता. मला वाईट वाटलं.

"उजेड एकदा नीट बघते, मग बसते," म्हणून तिने भाचीला खुर्चीत बसवलं. मला खुर्चीमागचा पडदा ओढायला पाठवलं. इतक्या वर्षांत त्या बाजूला मी कधी उभीच राहिले नव्हते.

वहिनी आपल्या नेहमीच्या जागी गेली. "तिकडच्या खोलीला खिडकी आहे का गं?" तिने लेकीला विचारलं.

भाची उत्तर देत होती आणि मी वहिनीकडे बघत राहिले. घाई नाही, तपासणी नाही. समोरचं माणूस आहे तसं तिला पसंत होतं. हा चेहरा गिऱ्हाइकांनी रोज पाहिला होता, आणि मी रोज तिची वेणी पाहत होते. चहाचं श्रेय मी तिथल्या तिथे सोडून दिलं आणि पदराआडून फोन काढून फोटो घेतला.

भाचीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "हाच," ती म्हणाली.

वहिनीने मान वाकडी करून पाहिलं. "उजेड चुकलाय. आणि कोपऱ्यात हा कुणाचा कान आलाय? थांब, कापून देते."

"कापू नकोस," भाची म्हणाली. "माझा आहे तो. राहू दे तुझ्यासमोर."