पाण्यात डोकावणारे चाचा

उभ्या रत्नागिरीत डासाला वाघाहून अधिक भिणारा माणूस एकच होता, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी शाळेत गणिताचा मास्तर म्हणून बदलून आलो होतो, सोबत बायको आणि तीन वर्षांची मनू. खाडीच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून गेलो, तर दारात एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे. जन्मभर बोटीवर स्वयंपाकी म्हणून फिरून ते घरी परतले होते. सगळी आळी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मच्छरदाण्या किती?"

"दोन," मी म्हणालो.

"माणसं तीन आणि मच्छरदाण्या दोन? गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

चाचांची कीर्ती मग हळूहळू कळत गेली. दिवेलागणीच्या आधी ते कडुनिंबाच्या पाल्याची धुरी घेऊन निघत. आपलं घर झालं की आमचं, आमचं झालं की शेजाऱ्यांचं. घरात कोणी जेवत असलं तरी धुरी आत यायचीच. पाहुणे आले तर चाचा पलंगावर मच्छरदाणीत बसून त्यांच्याशी बोलत, आणि पाहुणा जरा जवळचा असला तर "आत या, आत या" म्हणून त्यालाही मच्छरदाणीत ओढून घेत. मी स्वतः त्यांच्या समोर मांडी घालून, जाळीला कोपर लावत, आत चहा प्यायलो आहे. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी मांडवामागची पिंपं बघत. रस्त्याने जाताना कुणाच्या परसात पाणी साचलेली करवंटी दिसली की कुंपणातून हात घालून ती उपडी करत. एकदा एका वकिलांच्या बागेतली शोभेची कुंडीच त्यांनी ओतून दिली. वकीलसाहेब तावातावाने बाहेर आले, तर चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, कमळ दुसरं मिळेल." विहिरीत त्यांनी गप्पी मासे सोडले होते आणि सकाळी वाकून ते त्यांची चौकशी करत. कुवेतला असलेल्या मुलाने पत्रात विचारलं, येताना काय आणू? आळीतल्या बाकीच्या बापांनी टेपरेकॉर्डर मागवले होते. चाचांनी मच्छरदाणीचं कापड मागवलं, वीस वार.

त्यातलं बहुतेक कापड म्हशीला गेलं. आदल्या वर्षी त्यांच्या म्हशीला तिवा झाला होता. तीन दिवस तिचे पाय धरले होते, उठता येईना, वैरणीला तोंड लावीना. डास-माश्यांच्या चावण्याने हे पसरतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सहज सांगितलं आणि झालं. चाचांनी अख्ख्या गोठ्याला मच्छरदाणी शिवली. चाची सुई ओढता ओढता म्हणाल्या, "माझ्या निकाहात एवढं कापड नव्हतं आणलंत."

आम्ही हसायचो. पावसाळा सरता सरता मात्र एका मंगळवारी दुपारी मनूला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, मग अंग भाजू लागलं, मग घामाने फ्रॉक भिजला आणि ती गाढ झोपली. बुधवारी ती अंगणात खेळली. गुरुवारी दुपारी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, हवा बदलली आहे, साधा ताप. आम्हाला धीर आला. चाचांना आला नाही.

"परवा किती वाजता थंडी वाजली?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

"तीन वाजले असतील."

"आणि आज?"

ती थांबली. "तीनच."

"हा हवेचा ताप नाही, बाई. हवा घड्याळ बघत नाही."

छत्री घेऊन ते तसेच आरोग्य केंद्रात गेले. तिथे काय आरडाओरडा केला देव जाणे, पण दिवे लागायच्या आत मलेरियाच्या कर्मचाऱ्याला सायकलसकट घेऊन आले. त्याने मनूच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, रिपोर्ट यायची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. गोळी इतकी कडू, की मनू ती ओकून टाकी. चाचांनी ती कुटून, पिकल्या केळ्यात कालवून, वर गूळ लावून भरवली. "बोटीवर चाळीस जणांना भरवलंय," ते म्हणाले.

शनिवारी आम्ही कोणी जेवलो नाही. अडीच वाजल्यापासून घड्याळाखाली बसलो. मनू बाहुलीशी बोलत होती. तीन वाजले. बायकोने तिचा हात घट्ट धरून ठेवला. सव्वातीन. साडेतीन. "आई, हात सोड ना," मनू म्हणाली, आणि माझी बायको ढसाढसा रडली. चाचा उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते पायरीशी येऊन उभे राहिले. पाय चिखलाने भरलेले, हातात पाण्याची वाटी. वर चढेनात. मी खाली गेलो. वाटीत बारीक अळ्या होत्या, पाण्यावर आडव्या पडलेल्या.

"मलेरियाच्या डासाची अळी अशीच आडवी असते," ते म्हणाले. "माझ्याच म्हशीच्या पाण्याच्या दोणीतल्या आहेत. वर फळी टाकली होती मी. झाकलेलंय म्हणून उघडून बघितलंच नाही. फळी चिरलीय. मास्तर, पोरीला ताप मी दिला."

"चाचा, वर या, चहा टाकते," आतून बायको म्हणाली. ते वळून गेले. तो आठवडाभर धुरी आली नाही. काचेचा रिपोर्ट आला, मलेरियाच होता. ते सांगायला आम्ही दोघं मनूला घेऊन त्यांच्याकडे गेलो. चाचा खाटेवर बसले होते, मच्छरदाणी वर गुंडाळलेली. मग ते सांगू लागले. तरुणपणी बोट आफ्रिकेच्या एका बंदरात लागली होती. त्यांच्याच वयाचा, नाटे गावचा एक खलाशी तापाने पडला. कप्तान म्हणाला, उतरेल. चाचा दोन दिवस पेज करून भरवत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याला तिथल्याच मातीत ठेवून बोट पुढे निघाली.

"मी पेज करत बसलो," चाचा म्हणाले. "ओरडायला पाहिजे होतं. तेव्हापासून ओरडतोय."

"तुम्ही ओरडलात म्हणून ही समोर आहे," माझी बायको म्हणाली आणि तिने मनूला त्यांच्या मांडीवर बसवलं. मनूने त्यांची दाढी ओढली. चाचांनी ओढू दिली.

दोन वर्षांनी माझी बदली देशावर झाली. पत्रं येत राहिली, मग विरळ झाली. मनू दहावीत असताना चाचींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. चाचा गेले होते. मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो, तेव्हा मनूने विचारलं, "बाबा, कोण हो हे?" मी तिला सगळं सांगितलं. ती नीट ऐकत होती, पण दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी. तिला तो ताप आठवत नव्हता, ती शनिवारची दुपार आठवत नव्हती. ताप विसरली हे बरंच झालं. पण तापाबरोबर चाचाही पुसले गेले, आणि ते मला आजही बरं वाटत नाही.