धोंडूबाईची सुई

पॉवरलूमच्या कारखान्यात आठ वर्षं काढल्यावर केसरीनाथला खोकला जडला. मग धोंडूबाईने लेकाला घरी आणलं आणि सासऱ्यांचा हातमाग पुसून त्याच्यापुढे ठेवला.

वेळ बरी होती. दिल्लीत अमेरिकेशी बोलणी होऊन ठरलं होतं, की गिरणीचं नि पॉवरलूमचं कापड तिकडे नेमून दिलं तेवढंच जाईल. हातमागाच्या कापडाला बंधन नाही, फक्त त्यावर तपासनीस साहेबांचा शिक्का हवा. म्हणूनच तिकडे माल पाठवणारे निजामपुऱ्यातले शेठ केसरीनाथचं कापड घेत होते.

त्या दिवशी साहेब शेठच्या पेढीवर आले तेव्हा धोंडूबाई तागा घेऊन तिथेच बसली होती. साहेबांनी तो उलगडून काठावरून बोट फिरवलं.

"हा पॉवरलूमचा माल आहे. शिक्का मिळणार नाही."

"काय बोलता साहेब? माज्या पोराच्या हातचा हाय."

"हातमागावर इतकं साफ कापड निघतं का बाई? एक गाठ नाही, एक धागा सुटलेला नाही."

शेठ खवळले. "क्यूं मावशी, मुझे भी टोपी पहनाती है?"

शिक्का नाही तर हे काम बंद, आणि केसरीनाथ परत त्या कापसाच्या धुळीत. घात धोंडूबाईनेच केला होता. पोराच्या कामाला कुणी हसू नये म्हणून चार दिवस ओट्यावर बसून तिने एकूण एक गाठ काढली होती, सुटलेल्या जागी सुईने धागा भरला होता.

तिने अंबाड्यातली सुई काढली. "साहेब, जरा उजेडात या." भरलेला धागा तिने ओढून काढला. कापडात बारीक फट पडली.

"इथं धोटा फेकताना हात चुकला व्हता." वीतभर पुढे तिने दुसरा ओढला. "इथं त्याला खोकला आला." मग तिसरा. "इथं बी खोकलाच."

साहेब फटीकडे बघत राहिले. "पुरे बाई, सगळा तागा उसवाल," म्हणाले आणि शिक्का उमटवला. "पुढच्या खेपेला सुई घरी ठेवा."

घरी केसरीनाथने विचारलं, "पसंत पडलं का गं?"

"पडलं. तुज्या चुका तर लईच आवडल्या."

पुढचा तागा मागावरून उतरला तेव्हा तिच्या बोटाला गाठ लागली. हात अंबाड्याकडे गेला. गाठीवरून दोनदा बोट फिरवून तिने ती तशीच राहू दिली आणि केसरीनाथसाठी काढा उकळायला उठली.