संकष्टीला छोटीला सुट्टी

दुपारी एक वाजला की माझे एक सहकारी डब्याच्या झाकणावर दोन गोळ्या ठेवायचे, एक मोठी, एक छोटी. पहिला घास पोटात गेल्याशिवाय त्यांना हात लावायचे नाहीत. "आधी डबा, मग गोळी," हे मरोळच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं.

कामाला डिस्पॅचमध्ये, पण मधुमेहाच्या गोळ्यांवर डॉक्टरांपेक्षा जास्त बोलायचे. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेलच. माझी साखर निघाली तेव्हा मी घाबरले होते. त्यांनी समोर बसवून समजावलं. मोठी गोळी लिव्हरला साखर सोडू देत नाही. एकटी असली तर सहसा साखर फार खाली नेत नाही. छोटी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. "तू जेवलीस का, ते ती विचारत नाही गं. म्हणून आपण विचारायचं." रिसेप्शनच्या बाईंची तिसरीच, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. त्या सारख्या उठायच्या, म्हणून हे त्यांच्यासाठी दाराजवळची खुर्ची राखून ठेवायचे.

संकष्टीला चंद्रोदयापर्यंत ते कोऱ्या चहावर राहायचे. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, त्या दिवशी फक्त मोठी घ्यायची. "आज छोटीला सुट्टी," म्हणायचे. साखर उतरून कुणाला घाम सुटला, हात कापले तर असाव्यात म्हणून त्यांच्या खणात लिमलेटच्या गोळ्यांचा डबा असायचा.

त्या संकष्टीला त्यांच्यासमोर एकच गोळी होती, मोठी. डॉक्टरांनी आता दोन्ही औषधं एकाच गोळीत दिली होती. आदल्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं होतं, "एक कमी झाली ना, झकास." म्हणजे त्यांना माहीत होतं, मलाही. पण संकष्टीला मोठी घ्यायची, ही वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली. मी समोर बसून थालीपीठ खात होते.

तीनच्या सुमारास त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. उपास आहे, डुलकी लागली असेल, म्हणून मी पडदा ओढला, बाकीच्यांना हळू बोलायला सांगितलं. सहाला उठवायला गेले तर शर्ट घामानं चिंब. हॉस्पिटलात उतरलेली साखर वर आली, पण ते शुद्धीवर आले नाहीत. चौथ्या दिवशी गेले.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. त्यांच्या बायकोनं विचारलं, "त्या दिवशी त्यांनी काय खाल्लं होतं?" मी म्हटलं, "उपास होता." तेवढंच.

एक वाजला की मी डबा उघडते. आधी घास, मग गोळी. त्यांचा खण अजून कुणी रिकामा केलेला नाही. लिमलेटच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्यात. माझ्या खुर्चीतून हात लांब केला की तो खण उघडता येतो.