मोटारीचं पितळ

पंपाच्या तोंडावर अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांब की. बोलंल." शुक्रवार पेठेतून कधी गेला असाल, तर पत्र्याच्या शेडच्या दारात असा बसलेला म्हातारा तुम्ही बघितला असेल. लोकांना वाटायचं जप चाललाय. मिस्त्री पाण्याचा जोर बघत असायचे.

गिरणी बंद पडल्यावर त्यांनी शेड टाकलं. शेजारी माझा लेथ. मी चौथी शिकलेला, पितळ-लोखंड कापण्यापलीकडं मला काही येत नाही.

एका शेठजींची जुनी मोटार आली. वाफेवर चालणारी. तिचे दोन पंप बॉयलरला पाणी देतात. पंपानं जोर धरला नाही तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर मोटार म्हणजे नुसता पलंग. मिस्त्रींना मरायच्या आत ती एकदा चालताना बघायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

एक पंप त्यांनी जमवला. दुसऱ्याच्या पितळी दट्ट्यावर ओरखडे होते. मला म्हणाले, "केसाएवढं घे. जास्त न्हाय."

त्या दिवशी माझी बायको दवाखान्यात होती. हात लेथवर, डोकं तिकडं. ओरखडे गेले होते, तरी मी सवयीनं आणखी एक हात मारला. साफ दिसावं म्हणून. दट्ट्या बारीक झाला.

मिस्त्रींनी तो बोटांत फिरवला. मला कळलं की त्यांना कळलं.

"हुतंय की," म्हणाले. "तू जा दवाखान्यात."

आठ दिवसांनी बायको गेली.

पुढं दोन वर्षं मिस्त्री मागाच्या गल्लीतून सूत आणायचे, चरबीत भिजवायचे आणि दट्ट्याभोवती घट्ट बसवायचे. संध्याकाळपर्यंत गळती सुरू.

"कालच्यापरीस कमी गळायलंय की रं?"

"व्हय," मी म्हणायचो. तेवढंच गळत असायचं.

शेवटी मी गुपचूप नवीन दट्ट्या बनवून नेला. मापात अगदी बरोबर. त्यांनी बघितला, पुसला आणि फळीवर ठेवला.

"लई चांगला झालाय. पण ह्यो तुझा हाय, तिचा न्हाय. नवीन घालायचं तर नवीन मोटार घ्यावी की."

मी चिडलो. "मग बसा मरेस्तोवर सूत गुंडाळत!"

ते हसले. आणि तसंच झालं; सूत गुंडाळता गुंडाळताच गेले. माझी जीभ अशी.

दहाव्या दिवशी त्यांच्या सुनेनं एक चहाचा डबा आणून दिला. "मामांनी तुमच्यासाठी ठेवला होता." आत पितळेचा कीस. मी जादा हात मारला त्या दिवशी माझ्या लेथखाली पडलेला. म्हाताऱ्यानं सगळा झाडून भरून ठेवला होता. तिचा होता ना, मोटारीचा, म्हणून.

परवा मोटार न्यायला ट्रक आला. शेठजींचा मुलगा म्हणाला, "चालवायची कुणाला हाय? हॉटेलच्या दारात उभी करायची." सहा माणसांनी ढकलून ती वर चढवली. दुसऱ्या पंपातून पाणी ठिबकत होतं.

मी डबा घेऊन ट्रकपाशी गेलो. म्हटलं, तिचं तिच्याबरोबर जाऊ दे.

ड्रायव्हरनं झाकण उघडून बघितलं. "काका, कचरा हाय का ह्यो?"

मी त्याच्या हातातून डबा घेतला, झाकण बसवलं.

"व्हय," म्हटलं, आणि डबा घेऊन घरी आलो.