वकिलांची गाडी आणि झेंडूचे हार

आमच्या घरी गाडी आली तेव्हा बालाघाटात खाजगी मोटारी मोजक्याच होत्या, आणि धक्का न मारता चालू होणाऱ्या त्याहून मोजक्या. आमची गाडी या दुसऱ्या वर्गात कधी बसली नाही.

बाबा वकील होते. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आलेले. पुढे प्रांतांची वाटणी झाली, नागपूर मराठी मुलखात गेलं आणि आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो. त्यामुळे घरात मराठी, कोर्टात हिंदी अशी बाबांची सोय झाली होती. इंग्रजी त्यांनी गाडीला शिव्या देण्यासाठी राखून ठेवली होती. आईसमोर अपशब्द नकोत, हे त्यामागचं कारण. आईला अर्थ कळत नसे, पण सूर बरोबर कळायचा.

गाडी जुनी, काळी, पोटात पाचजण मावतील अशी. मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताजाता त्यांनी ती बाबांच्या गळ्यात घातली. "वकील साहब, इंजन शेर है शेर," असं ते म्हणाले होते. ते काही खोटं नव्हतं. शेर दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच असतो.

घर ते कोर्ट हे अंतर ती इमानेइतबारे कापायची. हे अंतर बाबा पूर्वी पायी जात आणि लवकर पोचत, पण तो मुद्दा घरात कोणी काढायचा नाही. खरी गंमत गावाबाहेर पडलं की सुरू व्हायची. थोडं पुढे गेलं की बॉनेटखालून आधी कुजबुज, मग वाफ, मग फुत्कार. रेडिएटरमधलं पाणी खदखदा उकळायला लागायचं आणि बाबा गाडी झाडाखाली घ्यायचे. डिकीत पाण्याचा डबा कायम असे. नवरदेवाबरोबर करवली असावी तसा तो गाडीबरोबर सगळीकडे जायचा.

बाबांनी उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. मिस्त्रीने पाण्याचा पंप बदलला, रबरी नळ्या बदलल्या, इंजिनाचं डोकं उघडून आतलं गॅस्केट बदललं. मिस्त्री कोणताही दोष ठामपणे सांगायचा आणि तो दूर करूनही गाडी तापली की दुसरा दोष तितक्याच ठामपणे सांगायचा. बाबा त्याचं कौतुक करायचे, कारण त्यांच्या धंद्यातही असंच चालतं. विशेष म्हणजे मिस्त्रीच्या हातात गाडी कधी तापत नसे. तो तिला नदीपलीकडे पार लांबवर फिरवून आणायचा, आणि गाडी अशी थंड की बॉनेटवर हात ठेवावा. घरी आणली, आम्ही बसलो, की पुन्हा उकळी. "सासरी आली का रुसते," असं बाबा म्हणायचे.

बाबा स्वतःला बुद्धिवादी समजत. देव, नजर, ग्रहमान यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण इंजिनाचं प्रकरण बुद्धीच्या हाताबाहेर गेल्यावर त्यांनी ते वरच्या कोर्टात पाठवलं, म्हणजे आईकडे.

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू, पुढच्या जाळीला झेंडूचा हार आणि आंब्याची पानं. दुसऱ्या दिवशी लोक हार काढून टाकतात. आमच्याकडे तसं चालत नसे. देवाला वाहिलेलं फूल म्हणजे निर्माल्य, ते उकिरड्यावर जाणार नाही, वैनगंगेतच जाईल, असा आईचा दंडक होता. आणि नदीवर जायचा दिवस आई ठरवणार. तोवर हार जाळीवरच राहायचा. मध्येच गाडी तापली की बाबा म्हणायचे, "नजर लागली असंन. काहीतरी कर." आई दुसरा हार घालायची. पुन्हा तापली की तिसरा. आमच्या अंगणात झेंडू चिक्कार होता. दिवाळी येईपर्यंत गाडीचं तोंड दिसेनासं व्हायचं. जुने हार वाळून जाळीला चिकटायचे, पाकळ्या आत रेडिएटरवर जाऊन बसायच्या, वरून ताजे. मिस्त्री भाविक माणूस. काम करायच्या आधी तो चपला काढायचा, सगळे हार उतरवून खिळ्याला टांगायचा, आतल्या पाकळ्याही वेचून घ्यायचा. काम झालं, फेरी मारून आणली, की हात धुऊन हार जसेच्या तसे परत चढवायचा. कोणाच्या देवाधर्मात त्याने कधी ढवळाढवळ केली नाही.

वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. आमच्या घरात एक वकील आणि एक बी. ए. झालेली मुलगी, म्हणजे मी, होती, आमच्या नाही आलं.

आता गाडीच्या लहरीबद्दल. हट्टा गावी बाबांची थोरली बहीण राहायची. आत्या प्रेमळ होती, पण आईच्या हातचं काही तिच्या घशाखाली उतरत नसे आणि ते ती मोठ्याने सांगायची. तिच्याकडे जायला निघालो की गाडी हमखास तापायची. अर्ध्या वाटेवर बाबा वाफेकडे बघत उभे, आणि आई आत बसून सुपारी कातरत म्हणायची, "जाऊ द्या. देवाच्याच मनात नाई." आम्ही परत. याउलट गोंदियाला, आईच्या माहेरी, गाडी एकदाही तापली नाही. त्या वाटेवर वैनगंगेचा पूल लागतो. आई तिथे गाडी थांबवायची, सगळं निर्माल्य नदीत सोडायची, हात जोडायची, आणि मग गाडी भुर्रकन गोंदिया. "तिकडचा रस्ता सपाट हाये," हे बाबांचं निदान. हट्ट्याचा रस्ताही सपाटच होता.

दिवाळी झाली आणि मला बैहरच्या सरकारी शाळेत शिक्षिकेच्या जागेची ऑर्डर आली. ठरलेल्या तारखेपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की रात्री मी उशीखाली ऑर्डर ठेवून झोपायचे. घरात बसून स्थळांना पोहे देऊन मी कंटाळले होते, आणि स्थळंही पोहे खाऊनच जात होती.

बाबांना नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणणं बुद्धिवादात बसत नव्हतं. मुलीला शिकवलं कोणी? त्यांनीच. मग त्यांनी तारखा घ्यायला सुरुवात केली. आज कोर्टात काम आहे, उद्या पाहुणे आहेत. "जंगलात पोरगी एकटी कशी राहीन?" हे मध्येमध्ये. शेवटचा दिवस उरला तेव्हा त्यांनी निकाल दिला.

"जा. पन आपल्या गाडीनं. वकिलाची पोरगी बसच्या टपावर पेटी टाकून जानार नाई. गाडी पोचली तर नोकरी तुही. नाई पोचली तर समजायचं का योग नोता."

बैहरचा रस्ता घाटाचा. आमची गाडी हट्ट्याला पोचत नव्हती. बाबांनी माझ्या नशिबाचा खटला कोणापुढे नेऊन ठेवला, ते मला कळत होतं. मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घालून फुलांची परडी उचलली.

सकाळी आईने गाडीची पूजा केली. दसऱ्याला केली नसेल अशी. जाळीवर दसरा-दिवाळीचे थर होतेच, त्यांवर तिने पहाटे ओवलेले मोठे हार चढवले, फटींमध्ये आंब्याची पानं खोचली. बोटभर जागा सोडली नाही. मला गहिवरून आलं. आई माझ्यासाठी देवाला साकडं घालत होती, असं वाटलं. मी वाकून तिला नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आम्ही तिघं निघालो, आई मागच्या सीटवर. गाव सुटलं, जंगल लागलं, थंडी होती. घाट सुरू झाला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर कुजबुज ऐकू आली. मी देवाचं नाव घ्यायला लागले. दुसऱ्या वळणावर वाफ. तिसऱ्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला, आणि इंग्रजीत एकही शब्द न बोलता कोटाच्या खिशात हात घालून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडायला हवा होता. तो पडला नव्हता.

"पाह्य बाई," ते हळूच म्हणाले, "मी तर आनलं इथवर. गाडीच नाई म्हनून राह्यली."

"मी बसनं जाईन," मी म्हटलं.

"जबान झाली होती आपली, गाडी पोचली तरच."

मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि रडले. रुबाबात, पदर डोळ्यांना लावून वगैरे नाही. नाक वाहेपर्यंत रडले. समोर बैहर, मागे बालाघाट, आणि आमची गाडी उताराकडे तोंड फिरवलं की न उकळता घरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात बालाघाटहून येणारी बस वर आली. घाटात कोणाची गाडी उभी दिसली की थांबून पाणी विचारायचं, अशी त्या रस्त्यावरची रीत. ड्रायव्हर बालाघाटचाच, बाबांना ओळखणारा.

"क्या हुआ वकील साहब? फिर गरम?"

बाबा उत्तर देणार, तर गाडीचं मागचं दार उघडलं. गाडी कुठेही बंद पडो, आई कधी खाली उतरत नसे. ती आज उतरली. माझ्याकडे आली नाही. तिने दुरूनच माझ्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं. मग गाडीच्या पुढे गेली आणि हार काढायला लागली. वरचे ताजे, खालचे सुकलेले, त्याखालचे काळे पडलेले, पानांच्या खपल्या, आत अडकलेला पाकळ्यांचा लगदा, सगळं वाफेत हात पोळून घेत ओरबाडून काढलं. जुनं पदरात गुंडाळलं. ताजे हार तिने नेऊन बसच्या तोंडावर बांधले आणि बसला हात जोडले.

"अवो, हे काय करून राह्यली तू?" बाबा म्हणाले.

"तुमच्या गाडीनं नाई म्हटलं ना? मंग जे हौ म्हनते त्याची पूजा केली." तिने माझी पेटी स्वतःच ओढायला घेतली. "पोरगी माह्यासंग बसनं येते. गाडी थंडी झाली का तुमी या मागून."

बाबांनी आयुष्यात खूप उलटतपासण्या घेतल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पेटीचं दुसरं टोक उचललं.

शाळेत हजेरीची सही करून मी बाहेर आले, तर फाटकाशी आमची गाडी. वाफ नाही, फुत्कार नाही. बाबा बॉनेटवर हात ठेवून शाळेच्या चपराश्याला सांगत होते, "पूरा घाट चढ़ी, एक बार भी गरम नहीं हुई! मैं कहता था न, इंजन शेर है."

मी आईकडे बघितलं. ती चिंचेच्या झाडाखाली हाताला खोबरेल लावत बसली होती. बोटं लाल झाली होती. माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. हट्टा, गोंदिया, पूल, मिस्त्रीचा खिळा.

"आई, तुले माहीत होतं?"

"मिस्त्रीकडं नाई तापत, घरी तापते. घरी काय जास्त असते? हार. मंग इंजनाले वारा कुठून लागंन?" ती ओठात हसली. "तुह्या आत्याच्या हातचे टोमने खायापरीस रस्त्यात सुपारी खाल्लेली बरी."

मी पोट धरून हसले. हसता हसता सकाळची पूजा आठवली. बोटभर जागा न सोडता खोचलेली पानं आठवली. हसू जागीच थांबलं.

"मंग आज काहून घातले एवढे?"

आईने खोबरेलाच्या डबीचं झाकण लावलं. तिचे डोळे भरले होते.

"तू जाऊ नये म्हनून," ती म्हणाली. "घर खायाले उठंन मले. पन घाटात तुहं तोंड नाई पाहावलं."

मला तिचा राग आला नाही असं नाही. आला, आणि त्याच्या दुप्पट माया आली. मी तिच्या हातातली डबी काढून तिच्या बोटांना पुन्हा खोबरेल लावलं. घंटा झाली. तिनेच मला वर्गाकडे ढकललं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. बाबांना माझ्यासाठी एक स्थळ पसंत पडलं होतं. मुलाकडच्यांची अट एकच, मुलीने नोकरी सोडावी. बाबा स्वतः गाडी घेऊन मला न्यायला येणार, असा निरोप आला. दाखवायला नेतील आणि परत पाठवणार नाहीत, हे मी ओळखलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बस-स्टँडवर जाऊन उभी राहिले. गाडी आली नाही. बस आली. तोच ड्रायव्हर खाली उतरला.

"दीदी, वकील साहब की गाड़ी घाट के नीचे ही खड़ी हो गई. वापस ले जा रहे हैं. बोले, योग नहीं था." मग त्याने डोकं खाजवलं, निरोपाचा अर्थ त्याला लागला नव्हता. "और माताजी ने कहा है, बेटी को बोलना, इस बार फूल मैंने दुगुने चढ़ाए हैं."