मागच्या सीटवरचं बोलणं

दिघोरीत मला लोक 'ड्रायव्हर' म्हणतात आणि ज्या दिवशी माझी गाडी सुरू होत नाही त्या दिवशी 'ड्रायव्हरसाहेब' म्हणतात. यंदाच्या उन्हाळ्यात मी रोजच साहेब होतो.

गाडी म्हणजे पांढरी अँबेसेडर, पेट्रोलवरची, मूळची एका राइस मिलच्या शेठजींची. उमेदीची सगळी वर्षं मी ती त्यांच्यासाठी चालवली. शेठजींनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता की मागच्या सीटवर जे बोललं जाईल ते ड्रायव्हरला ऐकू येता कामा नये. धानाचे भाव, भावकीची भांडणं, पोरींची स्थळं, सगळं माझ्या पाठीमागे बोललं गेलं आणि मी पुढचे खड्डे चुकवत राहिलो. हा नियम मी इतका मन लावून पाळला की पुढे पुढे मला खरंच ऐकू येईनासं झालं. शेठजी वारले, त्यांच्या मुलांनी नवी गाडी घेतली आणि जुनी मला देऊन टाकली. गाडीबरोबर सवयही घरी आली.

गाडी दारात आणली त्या दिवशी मी मागचं दार उघडून बायकोला, पुष्पाला, शेठाणीसारखं बसवलं. तोवर ती माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून फिरलेली. बसताना ती काहीतरी बोलली. आनंदाने बोलली असणार, असं मी धरून चाललो. तेव्हापासून बाजाराला जायचं असो की लग्नाला, समोर मी एकटा आणि मागे ती एकटी. लोक हसायचे. मला वाटायचं, जळतात.

गाडीला नजर लागू नये म्हणून पुष्पा दर शनिवारी लिंबू-मिरची बांधते. आधी बंपरला बांधायची, पण शेजारच्या कुंताबाईच्या बकरीला त्या मिरच्यांची चटक लागली. मग पुष्पाने आत जागा शोधली. डॅशबोर्डवर चोकची खुंटी आहे. थंडीत इंजिन सुरू होत नसलं की ती बाहेर ओढायची, म्हणजे पेट्रोल जास्त जातं, आणि इंजिन तापलं की आत ढकलायची. आमच्या गाडीत तिची तार केव्हाच तुटलेली होती आणि आमच्याकडच्या उन्हात चोक लागतो कोणाला? खुंटी नावापुरती उरली होती. दोरा घसरू नये म्हणून पुष्पा ती बोटभर बाहेर ओढायची आणि माळ अडकवायची. मला काही हरकत नव्हती. खुंटीचा काहीतरी उपयोग झाला, एवढंच.

होळीनंतर मी गाडी पवनीच्या इश्वर मेकॅनिककडे दिली. कार्बोरेटर उघडून साफ करायचा होता. काम झाल्यावर आम्ही गाडी फिरवून पाहिली. मी चालवत होतो, इश्वर मागे बसला होता आणि त्याच्या बाजूला बाजाराच्या पिशव्या घेऊन पुष्पा. इश्वर काय काय केलं ते सांगत होता म्हणे. मी मात्र जुन्या गाडीची निगा कशी राखावी यावर त्याला व्याख्यान देत होतो.

त्याच आठवड्यापासून गाडी बिघडली. सकाळी कशीबशी सुरू व्हायची, पण बाजारात बंद केली की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. थोडा चढ आला की दम टाकायची आणि मागून काळा धूर सोडायची. मी प्लग काढले तर ते तव्याच्या बुडासारखे काळे. पेट्रोलच भेसळीचं आहे, असं मी पानठेल्यावर जाहीर केलं आणि टाकी रिकामी करून धुतली. फरक नाही. मग पॉइंट घासले, एअर फिल्टर झटकला, एक दिवस तर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंगही बदललं आणि मग ते पूर्वीचं कुठे होतं तेच विसरलो. दर वेळी मी छातीठोकपणे नवीन कारण सांगायचो आणि शेवटी एवढंच म्हणायचो की इश्वरने गाडीची वाट लावली.

पुष्पाने तिच्या परीने उपाय वाढवला. लिंबू मोठं झालं, मिरच्या वाढल्या, आणि जड माळ नीट राहावी म्हणून खुंटी आणखी बाहेर आली. गाडी आणखी बिघडली. माळ आणखी मोठी झाली.

मुलगा कैलाश वरठीच्या कारखान्यात आहे. त्याने तिकडे घर बांधलं आणि वास्तूचं आमंत्रण द्यायला आला तेव्हा मी बोनेटखाली अर्धा आत होतो. त्याने सरळ अट घातली. वास्तूला आम्ही दोघं याच गाडीने, कोणी न ढकलता, त्याच्या दारात पोचलो तर गाडी राहील. त्याला वाटेत आम्हाला घ्यायला यावं लागलं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलवायचा. मी तावातावाने कबूल केलं. रात्री मात्र मला जेवण गेलं नाही. ही गाडी गेली तर मी कोण, ते मला सांगता आलं नसतं. सायकल चालवणाऱ्याला कोणी ड्रायव्हर म्हणत नाही.

वास्तू शनिवारीच होती. पुष्पाने सकाळी ताजी माळ अडकवली, ती आजवरची सगळ्यात मोठी. भंडाऱ्यापर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने आलो. मला वाटलं, पोचलो. पण वरठीच्या अलीकडे, रेल्वेवरच्या पुलाच्या ऐन चढावर, गाडी खोकली आणि बंद पडली. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी चावी फिरवत राहिलो. खिशातला फोन वाजला, कैलाशचा. मी तो उचलला नाही.

मागचं दार वाजलं. पुष्पा उतरली, पुढे आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. या गाडीत ती पहिल्यांदाच तिथे बसली होती. मला वाटलं आता बोलणी बसतील. पण तिने डॅशबोर्डवरची माळ सोडवायला घेतली.

"गाडी तं गेलीच," ती म्हणाली. "लिंबू ताजं हाये. नव्या घराच्या दाराले लागंन."

माळ काढून तिने पदरात घेतली आणि रिकामी खुंटी तळहाताने आत ढकलली. घरात कपाटाचा खण उघडा दिसला तरी तिला चैन पडत नाही.

मी अॅक्सिलरेटर तळाला दाबून पुन्हा चावी फिरवली, ती केवळ मी काहीतरी करतोय असं ट्रकवाल्याला दिसावं म्हणून. इंजिनाने धुराचा एक काळा लोट टाकला, ते गुरगुरलं आणि सुरू झालं. मी गिअर टाकला. गाडी चढ चढली, शेठजींच्या काळात चढायची तशी. पुष्पाने माळेला हात जोडले. नजर उतरली म्हणाली.

पूल उतरल्यावर मी खुंटी थोडी बाहेर ओढून पाहिली. गाडी अडखळली. आत ढकलली, गाडी मोकळी झाली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. म्हणजे सगळा उन्हाळा आम्ही चोक ओढून फिरत होतो. तुटलेली तार इश्वरने नवीन टाकली असणार, आणि त्या बिचाऱ्याला मी गावभर बदनाम केलं होतं. मी पुष्पाला सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इश्वरनं सांगतलं होतं ना. चोकची तार नवी टाकली म्हने. मी त्याच्या बाजूलेच होती."

"मंग तू मले काहून नाही सांगतलं?"

"मी तुमाले इचारलं, चोक म्हंजे काय? तुमी काही बोललेच नाही. मले काय मालूम, ते खुंटी म्हंजे चोक."

इंजिनाचा आवाज इतका चांगला येत होता की मला लाज वाटत होती. शेवटी मी धीर करून विचारलं, मागे बसून तिने आणखी काय काय विचारलं होतं.

"लय काही," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी म्हटलं, मले समोर बसाचं हाये. मांगून काहीच दिसत नाही, नुसती तुमची मान दिसते."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तिला शेठाणी करून फिरवलं आणि तिने रस्ता पाहिलाच नव्हता. मी काहीतरी म्हणणार होतो, पण ती काचेतून समोर पाहत होती, रुळांवरून जाणारी मालगाडी, कारखान्याची धुराडी, सायकलवरून पाळीला निघालेली माणसं. बोलून मी मध्ये आलो असतो.

कैलाश नव्या घराच्या फाटकात उभाच होता, हातात मोटरसायकलची चावी. आम्ही त्याच्यासमोर जाऊन थांबलो, इंजिन चालू ठेवून. त्याने बिघाड काय होता ते विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, मग म्हटलं आधी पुष्पाला उतरवू. लगबगीने उतरलो, वळसा घालून गेलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मागचं दार अदबीने उघडून धरलं.

सीटवर कोणी नव्हतं. पुष्पा केव्हाच समोरून उतरून नव्या घराच्या दाराला लिंबू बांधत होती.