सेल्फ फिरतोय, पण गाडी स्टार्ट घेत नाही

सेकंडहँड गाडी घेतली की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. आर.सी. बुक नावावर व्हायच्या आधी ते नावावर होतात! आमची पिकअप घेऊन दोन महिने झाले आणि सोसायटीत आता मला "कसे आहात?" कोणी विचारत नाही. "आज चालू झाली का?" असं विचारतात. दूधवालासुद्धा! इतका वैताग येतो म्हणून सांगू. पण विषय निघालाच आहे तर सगळं सांगून टाकतो. फक्त शेवटच्या किश्शाचा शेवट आमच्या हिच्या कानावर घालू नका.

*

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अख्खं नेरूळ मला 'सर' म्हणतं. मी रिटायर झालो आणि बायकोने, म्हणजे मेधाने, घरातूनच डब्यांचं काम सुरू केलं. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने तिला रोजचे ऐंशी डबे दिले, पण महिनाभराच्या ट्रायलवर. अट एकच. जेवण साडेबाराच्या आत पोचलं पाहिजे. तीनदा उशीर झाला की काम बंद!

वयाच्या पन्नाशीत बाईला मिळालेलं हे पहिलं स्वतःचं काम. तिने मोठ्या अक्षरात 'साडेबारा' लिहून कागद फ्रिजवर चिकटवला. पोळ्या, भाजी, डाळ, सगळं तिच्या हातात होतं. माझ्या हातात फक्त गाडी होती.

*

गाडी घेतली करावे गावातल्या धर्मादादांकडून. ते तिच्यातून मासळी न्यायचे. आजही काच बंद केली की सुरमईची आठवण येते. चावी देताना त्यांनी मला समोर उभं करून सगळं नीट समजावलं.

"डिझेल पाव टाकीच्या खाली न्यायचा नाय. डावा दरवाजा आपटायचा नाय. न चावी दिली का आधी आईचं पाय, मंग सेल्फ! आईचं पाय धरल्याबिगर गाडी चालू व्हनार नाय, सांगून ठेवतो."

आई म्हणजे डॅशबोर्डवर बसवलेली एकवीरा आई. शेंदरी मुखवटा आणि खाली छोटासा लाकडी चौथरा. मी आपलं मास्तरी हसू हसून विचारलं, "दादा, हा तर नुसता मुखवटा. पाय कुठे आहेत?"

दादा म्हणाले, "सर, पाय खाली असतान!"

ज्याची त्याची श्रद्धा. मूर्ती तशीच राहू दिली आणि डिझेलचं तेवढं डायरीत लिहून घेतलं.

*

ड्रायव्हर म्हणून भालू मिळाला. तळवलीचा, चाळिशीचा, गाडीवर हात एकदम सफाईदार. पण नमस्कार किती करावेत माणसाने! गाडीत चढताना पायरीला, बसल्यावर स्टिअरिंगला, मग चावी देऊन, डिझेल गाडीत आधी पेटणारा हीटरचा दिवा विझेपर्यंत आईच्या चौथऱ्याला. वाटेत देऊळ दिसलं की तिथेही.

मी म्हटलं, "भालू, एक हात तरी गाडीवर ठेव."

"सर, मी दोन्ही सोडले तरी ती धरतेय ना!"

*

ट्रायलच्या चौथ्या दिवशी भालू वरून डबे आणत होता. म्हटलं, तोवर आपण गाडी चालू करून ठेवू. चावी दिली, दिवा विझू दिला, सेल्फ मारला. सेल्फ फिरतोय, फिरतोय, पण गाडी स्टार्ट घेईल तर शपथ! भालू धावत आला, "सर, मी बघू?"

"हात लावू नकोस. बॅटरी बसेल," मी ओरडलो आणि शिरवण्याच्या सुरेश मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "हवा धरलीय." डिझेलच्या लाइनमधली हवा काढण्यात पाऊण तास गेला. मग हात पुसत म्हणाला, "भालू, मार सेल्फ." भालूने पायरी, स्टिअरिंग, आई असे सगळे नमस्कार उरकले आणि एका फटक्यात गाडी चालू!

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "बोललो होतो ना, हवा!"

डबे पोचले एकला. पहिला लेट.

*

पुढच्या रविवारी मी मुद्दाम टेस्ट घ्यायला बसलो. पुन्हा तेच. मिस्त्री आला, डिझेल फिल्टर बदलला. भालूने सेल्फ मारला आणि चालू! "फिल्टरच होता," मिस्त्री म्हणाला.

बुधवारी सकाळी लवकरच मी बसलो, पुन्हा बंद. मिस्त्रीने बॅटरीची टर्मिनलं घासली. भालू बसला, चालू! "कार्बन धरला होता," मिस्त्री म्हणाला.

मी वर्गात घसा फोडून सांगायचो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मिस्त्रीला तसं बजावलंही होतं. तो बिचारा खरंच एका वेळी एकच पार्ट बदलत होता!

*

दुसरा लेट आठवला की अजून कान गरम होतात. भालू तापाने घरी. मी सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धी केली. मग सोसायटीतले मॉर्निंग वॉकवाले काका मदतीला आले. सहा काका, एकूण वय चारशेच्या पुढे! धक्का देत देत त्यांनी गाडी गेटपर्यंत नेली आणि नेमकी गेटात, आडवी, सगळ्यांचा दम संपला. आत येणाऱ्या गाड्या बाहेर, बाहेर जाणाऱ्या आत.

सेक्रेटरींनी तिथेच उभं राहून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'सरांची गाडी गेटात आहे. कृपया सहकार्य करावे.' खाली पहिल्या मजल्यावरच्या जोशींनी लिहिलं: 'सरांनी गाडीला सहकार्य करावे.'

शेवटी चार रिक्षांतून डबे गेले. पोचायला पावणेदोन. डाळ सांडली ती वेगळीच. मेधा नुसती फ्रिजवरच्या कागदाकडे बघत उभी राहिली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ताप उतरला म्हणून भालू गाडी बघायला आला. बसला आणि चालू!

"सर, तिच्यावर तुमचा हात बसला नाय अजून."

माझा हात! बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेला हात!

*

आणि उजाडला ट्रायलचा शेवटचा दिवस. भालू कुठे? तर कार्ल्याला, एकवीरेच्या दर्शनाला! फोन रेंजच्या बाहेर.

पावणेबारा. ऐंशी डबे मागे गरम. चावी, दिवा, सेल्फ. नाही! पुन्हा. नाही! मिस्त्री फोनवर म्हणाला, "सर, आता पंप खोलावा लागेल." मेधा शेजारच्या सीटवर येऊन बसली. कपाळावर घाम, हाताला पीठ.

"अहो, एकदा तरी आईला नमस्कार करा."

"मेधा, मी आयुष्यभर मुलांना काय शिकवलं?"

"ते राहू दे. माझं आयुष्य मागे डब्यात भरलंय!" तिने वाकून चौथऱ्याला डोकं टेकलं. "मारा सेल्फ."

मी मारला. गाडी चालू!

मेधा रडायलाच लागली. आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? गिअर टाकला असता. मी म्हटलं, "योगायोग आहे. पुन्हा झालं तरच सिद्ध होतं." आणि मी गाडी बंद केली!

हो, बंद केली. पावणेबारा वाजून गेले असताना, ऐंशी डबे मागे असताना. पुन्हा सेल्फ मारला तर नाही! लग्नाच्या तीस वर्षांत मेधाने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. तिने पुन्हा डोकं टेकलं, या वेळी जरा आपटलंच. गाडी चालू! यानंतर तुर्भ्यापर्यंत मी चावीला हात लावला नाही.

कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा बारा सव्वीस झाले होते. डबे आत गेले, मेधाही आत गेली. मी एकटाच गाडीत. इकडेतिकडे बघितलं आणि आईच्या चौथऱ्यावर हळूच बोट दाबलं. खालून 'टक' असा आवाज आला.

मी खाली उतरून धर्मादादांना फोन लावला.

"अवो सर, चोर स्विच हाय तो!" दादा म्हणाले. "गाडी कोनी पळवू नये म्हनून बसवलेला. चावी दिल्यावर तो दाबल्याबिगर इंजिनाला डिझेलच जात नाय. पयल्याच दिवशी सांगितलेला ना तुमाला? मी म्हटला, सायन्सचे सर हायेत, समजलं असल."

फोन ठेवतो तोच मेधा गेटातून जवळजवळ पळत आली. "काम कायम झालं!" तिने आधी गाडीत वाकून आईला हात जोडले, मग माझ्याकडे वळली. "कोणाशी बोलत होतात?"

"धर्मादादांशी."

"काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "आई जागृत आहे, म्हणाले."